नानांचा काळा स्पंज

नानांनी दिलेला, माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज मी कपड्यांच्या पावडरने धुतला, टंचाईच्या दिवसांत दोन बादल्या पाणी त्यावर खर्च केलं आणि शाबासकी मिळेल म्हणून पांढराशुभ्र करून त्यांच्यापुढे धरला. नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्पंज हातात घेऊन नाकाशी नेला. मग म्हणाले, "साहेब, अख्खं गाव उठवलं की हो तुम्ही."

नाना मूळचे खुलताबादकडचे. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून निवृत्त झाले आणि उस्मानपुऱ्यात आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहत. घरात आले की आधी माणसाला नमस्कार नाही. आधी पाण्याची चौकशी. फिश टँक दिसला की त्यात बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं आणि मग "वहिनी, चहा टाका" म्हणायचं. टँक नसेल त्या घरात ते जरा अवघडूनच बसत.

नवी टाकी आणणाऱ्या प्रत्येकाला नाना आपल्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा कापून देत. आपण शेजाऱ्यांना वाटीभर विरजण देतो, तसा. "माशाची घाण पान्यात जहर करती," ते सांगत, "अन् या काळ्या स्पंजात डोळ्याला न दिसनारे जीव ऱ्हातात, ते जहर खातात. नव्या टाकीत ते नसत्यात. महिनाभर वाट बघा, न्हाईतर माझ्याकडून न्या." शहरात असे किती तुकडे गेले असतील, कोण जाणे. परत मात्र त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

आता ते नाशिकला लेकीकडे कायमचे निघाले होते. लेकीच्या घरात टाकीला जागा नव्हती, म्हणून नऊ वर्षं सांभाळलेली तळहाताएवढी केशरी गोल्डफिश, त्यांची आक्का, ते मला देऊन चालले होते. "तिला घर नवं चालंल, फिल्टर जुनाच पायजे," एवढीच त्यांची अट होती. आक्का माझ्या नव्या टाकीत आली, त्यांची जुनी टाकी भंगारात गेली आणि मी स्पंज धुतला. नानांच्या टाकीतली खडी तर त्याआधीच धुऊन वाळत घातली होती. काम हाती घेतलं की मी अर्धवट सोडत नाही.

"मरेल का हो ती?" मी विचारलं.

"आज काय व्हनार न्हाई. तिसऱ्या दिवशी व्हईल. अन् मी तर उद्या सकाळी चाललो."

"रोज पाणी बदललं तर?"

"नळ कवा येनार?"

नळ पाच दिवसांनी येणार होता. पिंपात होतं ते प्यायलाच पुरलं असतं. नाना उठले. "गाडी काढा. क्रांती चौकात जाऊ."

तिथल्या चष्म्याच्या दुकानातली टाकी नानांनीच कधीकाळी सुरू करून दिली होती. आत शिरल्याबरोबर त्यांनी पाण्यात बोट घातलं खरं, पण स्पंज परत मागायचं काही त्यांना जमेना. मीच दुकानदाराला माझा पराक्रम सांगितला.

तो पोटभर हसला. "नाना, इसमें पूछने का क्या? पूरा निकाल लेव. तुमाराच तो है."

"पुरा नको रे बाबा, तुझ्या मच्छ्या मरतील," म्हणत नानांनी कात्री मागितली आणि बरोबर अर्धा कापला.

परतताना उन्हानं डोकं तापलं होतं. नाना मागे बसून ओल्या स्पंजाचा डबा दोन्ही हातांनी धरून होते. मी झाकण लावायला सुचवलं. "नको, दम कोंडंल त्याचा." मी वेग वाढवला. "हळू! आपन पडलो तर चालंल, डबा पडू नये." चौकातला सिग्नल इतका लांबलचक मला कधीच वाटला नव्हता.

सकाळी निघताना ते वर आले. पाण्याचा वास घेतला. "दोन दिवस तिला खायला टाकू नका. अन् लई मेहरबानी, कशाला हात लावू नका." मग बायकोकडे वळून, "वहिनी, यांच्यावर ध्यान ठेवा."

तिसऱ्या दिवशी आक्का तळाशी जाऊन बसली. कल्ले भराभर हलत होते. मी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं आणि स्टूल टाकून तिच्यासमोर बसलो.  चौथ्या दिवशीही ती तिथंच. नानांचा फोन आला, तो मी उचलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी चार दाणे टाकले. ती बघत राहिली. मग हळूच वर आली, एक दाणा गिळला, दुसरा गिळला आणि तिसऱ्यासाठी माझ्यासमोरच्या काचेला धडक दिली.

मी धावत फोन लावला. "नाना, आक्का जेवली!"

 नाना म्हणाले, "बरं झालं. बरं झालं." मग म्हणाले, "इथं चोवीस तास नळाला पानी हाय." कुणी तक्रार सांगावी, तशा आवाजात.

फोन ठेवून मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मासा जेवला, ते सांगितलंत. नाना जेवले का, ते विचारलंत?"