रविवारचे नाणेवाले

जुनी नाणी जमवणाऱ्यांचं एक असतं. नाणी वर्षाला दोन-चार मिळतात, किस्से मात्र दर आठवड्याला! नाण्यांसाठी मी अल्बम विकले, किस्से तसेच साचत गेले. आता ते ऐकायला दुकानात कोणी नाही, म्हणून म्हटलं तुम्हालाच सांगावेत. बसा जरा.

माझं आदिलाबादला फोटो फ्रेमचं दुकान. मोबाइल आल्यापासून लोक फोटो खूप काढतात, भिंतीवर लावत नाहीत. फ्रेम करायला येतात ते घरातलं कोणी गेल्यावर. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नागपूरला दिली. रविवारी दुकान उघडायचं कारणच उरलं नव्हतं. पण फोटोचे अल्बम पडून होते, आणि ते घ्यायला एकेक करत तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही त्यात नाणी ठेवायची होती! देवराव सर, इतिहासाचे रिटायर्ड मास्तर. गुडीहत्नूरचे किसनभाऊ, भाजीपाल्याची शेती. आणि जैनथच्या बेबीताई, गेलेल्या नवऱ्याची नाणी सांभाळणाऱ्या. रविवारी दहा वाजता तिघं यायचे, मी चहा सांगायचो.

*

किसनभाऊंना वांग्याच्या वावरात निजामाच्या काळचा, चारमिनार छापलेला चांदीचा रुपया सापडला. रुमालात बांधून घेऊन आले. रुमाल सोडला तर काय, नवा चमचा असावा तसा चकचकीत!

सर दचकलेच. "हे काय केलंत?"

"चिंच अन् राख लावून घासलं, सर. तीन दिवस घासून राह्यलो व्हतो. लय काळं व्हतं."

सरांनी रुपया दोन बोटांनी कडेला धरून उजेडात नेला. अक्षरं पुसट झालेली. शंभर वर्षांचा तो काळसर रंग हेच त्या नाण्याचं तेज असतं, हे तेव्हा मलाही नवीन होतं.

"किसनभाऊ," सर हळूच म्हणाले, "तुम्हाला वाटलं आपण याला आंघोळ घातली. तुम्ही याला पोचवून आलात!"

*

पण सगळ्यात मोठं नुकसान केलं ते मीच. माझे ते फोटोचे अल्बम, उघडले की नव्या प्लास्टिकचा वास यायचा. आम्हाला वाटायचं, वा, काय माल आहे! दोन पावसाळे गेले आणि सरांच्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आला. ते प्लास्टिकच नाण्याला खातं म्हणे. सरांनी नागपूरच्या कोण्या जाणकाराला फोन करून विचारलं, तेव्हा कळलं.

मी मान खाली घालून उभा. सर म्हणाले, "अल्बम तुमचा, दमट हवा आदिलाबादची, अक्कल माझी. तिघांनी मिळून केलं."

तो थर काढायला अॅसिटोन लागतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मी लेडीज स्टोअरमध्ये गेलो. दुकानदारीण तेलुगू. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "एवरिकी?" म्हणजे कोणासाठी?

मी म्हटलं, "नाण्यांसाठी."

ती हसली. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं, की फ्रेमवाले दुसरं लग्न करून राह्यले! आठवडाभर लोक काही ना काही निमित्त काढून दुकानात आले. चहा पिऊन गेले. मी कोणालाच धड नाही म्हटलं नाही. इतकी माणसं दुकानात कित्येक दिवसांत आली नव्हती.

रविवारी सरांना बाटली दिली. त्यांनी वास घेतला. "यात तेल आहे, अत्तर आहे. हे नाण्याला चालत नाही."

*

मग नागपूरहून खरे नाण्यांचे अल्बम मागवले. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, मध्ये पारदर्शक खिडकी. सरांनी शिकवलं, प्रत्येक होल्डरवर सन आणि धातू लिहायचा. बेबीताईंनी महिनाभर बसून सगळे लिहून आणले. सर चष्मा लावून वाचायला लागले.

'इच्चोड्याचा बाजार. परत येताना भांडण झालं.'

'पोरीचं नाव ठेवलं त्या दिवशी.'

'हे का घेतलं मला सांगितलं नाही.'

"ताई, सन लिहायचा होता."

"सन तर नाण्यावर छापेल आहे, सर," बेबीताई म्हणाल्या. "भांडण कुठं छापेल आहे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर त्यांनी कोणालाच सन लिहायला सांगितलं नाही.

*

किसनभाऊंच्या घरी भरदिवसा चोरी झाली. सगळे वावरात होते. अल्बम त्यांनी जवारीच्या कोठीत, कोरड्या दाण्यात खोल पुरलेला. चोरानं कोठी उपसली, अल्बम बाहेर काढला, पानं उलटून पाहिली. आणि बाजेवर नीट ठेवून दिला! नेलं काय, तर गॅसचं सिलिंडर.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "सिलिंडरच गेलं ना? मंग रडता काऊन?"

"साहेब," किसनभाऊ म्हणाले, "त्यानं एक एक पान पाह्यलं. अन् ठेवून देल्लं!"

*

किसनभाऊंना सरांकडचं एक नाणं पाहिजे होतं. निजामाच्या काळचं दोन पैचं, मध्ये भोक असलेलं. सरांकडे त्याचे दोन नग. दर रविवारी किसनभाऊ मागायचे, बदल्यात काहीही द्यायला तयार. "द्या ना, सर." सर म्हणायचे, "पुढच्या रविवारी पाहू." पाच वर्षं हेच!

मागच्या हिवाळ्यात किसनभाऊ वावरातच बसल्या जागी गेले. तेराव्यानंतर त्यांचा मोठा मुलगा फोटो फ्रेमला द्यायला आला, सोबत अल्बमही आणला. "बाबा तुमच्यापाशीच बसत व्हते. हे कसं ठेवाचं, सांगा."

आम्ही पानं उलटली. सगळे कप्पे भरलेले, एक रिकामा. त्यात चिठ्ठी होती, 'सर देतीन तवा.'

सर रिक्षा करून घरी गेले, नाणं घेऊन आले. होल्डरमध्ये बसवून त्या कप्प्यात त्यांनीच सरकवलं. मुलगा गेल्यावर ते खुर्चीत बसले.

"दोन होती माझ्याकडे," म्हणाले. "पण दिलं असतं तर तो दर रविवारी कशाला आला असता?"

*

बेबीताईंचे गुडघे गेले. जैनथहून येणाऱ्या रिक्षात चढणं होईना. मुलीनं नांदेडला नेलं. निघायच्या दिवशी दुकानासमोर गाडी थांबवली, काच खाली केली.

"फ्रेमवाले भाऊ, येते."

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जाणाऱ्याला आपण 'या'च म्हणतो.

*

आणि सर हैदराबादला गेले, मुलाच्या फ्लॅटवर, अकराव्या मजल्यावर. मुलगा-सून कामावर गेले की त्यांना तिथं मराठी बोलायला कोणी नाही. मला इथं रविवारी कोणीच नाही. मग मुलानं त्यांना व्हिडिओ कॉल शिकवला. दर रविवारी दहा वाजता मी मोबाइल एका रिकाम्या फ्रेमला टेकवून ठेवतो. एक चहा सांगतो. सर एकेक नाणं बोटांत धरून कॅमेऱ्यासमोर आणतात.

"दिसतं का?"

खरं सांगू? काही दिसत नाही. नेटवर्क असं, की सरांचा चेहराच धुक्यात असतो, नाण्याचं कुठं घेऊन बसता! पण म्हातारा माणूस इतक्या हौशीनं दाखवतो. मी म्हणतो, "दिसतं, सर. चारमिनार एकदम स्पष्ट!" मग ते त्या नाण्याचा सगळा इतिहास सांगतात. कोणत्या निजामाचं, कुठल्या बाजारात मिळालं. मी हूं हूं करतो. अर्धा-पाऊण तास कसा जातो कळत नाही.

गेल्या रविवारी सरांनी तसंच बोटं पुढं करून विचारलं, "दिसतं का?"

"दिसतं, सर. चारमिनार एकदम स्पष्ट."

सर थांबले. मला वाटलं कॉल अडकला.

"फ्रेमवाले," ते म्हणाले, "अल्बम तर दोन महिन्यांपूर्वीच बँकेच्या लॉकरमध्ये गेले. सून म्हणाली, एवढी किमती वस्तू घरात नको. सुरक्षित आहेत आता."

"मग दर रविवारी..."

"हात रिकामाच असतो."

त्यांच्याकडं खालून कुठून तरी गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. माझ्याकडं चहावर साय धरली होती.

मग सर खाकरले. "बरं. आता दुसरं दाखवतो."

मी खुर्ची पुढं ओढली.

"दाखवा, सर."