वरच्यांच्या एसीचं पाणी

आमच्या मुलुंडच्या घराला बाग नाही, खिडकीबाहेर काढलेली लोखंडी ग्रिल आहे. पण मी तिला बागच म्हणते, कारण ग्रिल म्हटलं की नवरा तिथे जुन्या सुटकेसी ठेवायला बघतो. या बागेत सदाफुली, जास्वंद, कधीच न फुललेला एक गुलाब आणि आईचा मोगरा अशी वस्ती आहे. मोगरा सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात पुढची जागा अडवून बसला, कारण त्याच्याबरोबर आई आली होती.

आईची भांडुपची खोली पुनर्विकासात गेली तेव्हा तिने भांडीकुंडी वाटून टाकली, पण मोगरा रिक्षात मांडीवर घेऊन आली. तो बाबांनी गावाहून आणून तेलाच्या डब्यात लावलेला. दर वर्षी बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून आई याच मोगऱ्याची फुलं बुद्धाच्या मूर्तीपुढे वाहते. बाबा गेले, खोली गेली, गुडघ्यांमुळे विहारात जाणंही गेलं. राहिलं ते एवढंच. विकतची फुलं आणू का, असं मी एकदा विचारलं होतं. विकतचीच वाहायची तर मग तूच वाहा, मी कशाला पाहिजे, असं ती म्हणाली. त्यानंतर मी विचारलं नाही.

आमच्या बागेला एक शत्रू होता, वरच्या मजल्यावरचे काका. ऑफिसातून निवृत्त, एकटे आणि उकाड्याच्या बाबतीत अगदीच कच्चे. त्यांचा एसी दिवसभर चालायचा आणि त्याचं पाणी आमच्या ग्रिलवर टपटपायचं. कधी वाळत घातलेल्या चादरीवर, कधी थेट माझ्या डोक्यात. मी कपड्यांच्या काठीने त्यांच्या ग्रिलचा तळ ठोकायचे आणि ते वरून "बोला मॅडम" म्हणायचे. त्यांच्या तोंडी तो शब्द मला शिवीसारखा लागायचा. त्यात आई त्यांना दर पौर्णिमेला खीर पाठवायची. आमच्याकडे आली त्या पहिल्याच पावसाळ्यात तर मोगऱ्याची एक फांदी मातीत दाबून, तिला मुळं फुटल्यावर ते रोपही तिने त्यांना देऊन टाकलं, मला न विचारता. घरातूनच शत्रूला रसद जात होती.

शेवटी मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला आणि लावून धरला. मार्चमध्ये काकांनी मुकाट्याने पाइप टाकून पाणी स्वतःच्या बादलीत वळवलं. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

तो शिरा पचायच्या आत पाणीकपात जाहीर झाली. नळाचं पाणी झाडांना घालायचं नाही, अशी नोटीस लिफ्टमध्ये लागली. एप्रिल सरला तशी ग्रिल तापून तव्यासारखी झाली. सदाफुली तगली, जास्वंदीने पानं टाकली, गुलाबाला तर मरायला निमित्तच हवं होतं. आई रोज सकाळी चहाच्या आधी मोगऱ्याच्या शेंड्यांवरून बोट फिरवून बघायची, कळी धरतेय का. पौर्णिमा जवळ येत होती आणि मला तिचं ते बोट बघवत नव्हतं.

मग मला वरची बादली आठवली. दोन दिवस मी स्वतःशी भांडले आणि तिसऱ्या दिवशी जिना चढले. काकांनी दार उघडलं. पाणी खाली पडतंय का, असं त्यांनीच घाबरून विचारलं. पडत नाहीये, तोच प्रॉब्लेम आहे, असं मला सांगावं लागलं.

काका दाराला टेकून उभे राहिले. माणूस इतका खूश झालेला मी फार वेळा पाहिलेला नाही. म्हणाले, "जरा मोठ्याने बोला ना. मीटिंगमध्ये कसं, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं."

मी मोठ्याने बोलले. त्यांनी बादली दिली. त्यांच्या ग्रिलमध्ये रंगाच्या रिकाम्या डब्यात आईने दिलेला मोगरा होता, पानं वाळून गोळा झालेली. बघून माझा जीव कळवळला आणि पाणी मागायला आलेय हे विसरून मी त्यांना चांगलंच झापलं. पाणी घालायचं लक्षातच राहत नाही हो, असं ते ओशाळून म्हणाले.

त्यानंतर मी रोज ऑफिसला जायच्या आधी वर जाऊन बादली आणायला लागले. इतर कुंड्यांना एकेक घोट आणि बाकी सगळं मोगऱ्याला. मोगऱ्याने बाळसं धरलं. पानं काळीभोर हिरवी झाली, लकाकायला लागली, पण कळी काही दिसेना. मला वाटलं, पाणीच कमी पडतंय. मग मी काकांच्या तब्येतीची काळजी करायला लागले. उन्हाचं जपा, दारं-खिडक्या लावून बसा, एसी सोळावर ठेवा. ज्या एसीविरुद्ध मी ठराव करून घेतला होता, तो दुपारी बंद दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा.

एका शनिवारी ऑफिसातून लवकर घरी आले तर ग्रिलपाशी आई उभी होती, हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं. तिच्या मागे नवरा, केस ओले, हातात भरलेली बादली. लग्न झाल्यापासून या माणसाने एका रोपाला चूळभर पाणी घातलेलं नव्हतं. आता कळलं की तो महिनाभर टबात उभा राहून, साबण न लावता अंघोळ करत होता आणि ते पाणी रोज गुपचूप मोगऱ्याला घालत होता.

"आईंना फुलं पाहिजेत ना," तो चोरी पकडल्यासारखा म्हणाला.

आईला नवऱ्याचं माहीत नव्हतं, नवऱ्याला आईचं नव्हतं आणि माझी बादली तर त्या दोघांच्याही हिशेबात नव्हती. सगळी मुंबई थेंबाथेंबाला महाग झालेली असताना आमच्या मोगऱ्याची माती एकदाही सुकली नव्हती. आई मोगऱ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. भांडुपला याला भांडी विसळलेलं पाणी मिळायचं, तेही नळ आला तर, असं तिने सांगितलं. आधी पाण्याचा ताण बसायचा, मग कधीतरी भरपूर पाणी मिळालं की डबा पांढरा व्हायचा.

"लाड केले गं आपण याचे," ती म्हणाली.

हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेंड्यांना हात लावला नाही. पौर्णिमा तोंडावर आली होती, आता ताण देऊनही उपयोग नव्हता. मला फार वाईट वाटलं. तिघांनी मिळून तिचं एवढं एकच उरलेलं बुडवलं होतं. आदल्या दिवशी तिने फक्त खिरीचं दूध जास्त घ्यायला सांगितलं. फुलांचं नावही काढलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मी खीर ढवळत होते आणि ग्रिलवर काहीतरी आपटलं. हात सवयीने काठीकडे गेला. बाहेर बघते तर काकांची भाजीची पिशवी. खाली भाजीवाला आला की ते तिला दोरी बांधून सोडतात. ती आमच्या गजांवर आपटत होती.

"काका, तुमची पिशवी अडकलीय," मी ओरडले.

"अडकली नाही, मॅडम. घ्या ती. मावशींसाठी आहे."

पिशवीत मोगऱ्याची फुलं होती. टपोरी, ओंजळीत न मावणारी. तुम्ही झापलंत म्हणून त्या दिवशी डबा भरून पाणी घातलं, नंतर परत विसरलो, असं काका वरून सांगत होते. आई पांढरी साडी नेसून माझ्या मागे येऊन उभी होती. ही दुसऱ्याच्या घरची फुलं तिला चालतील का, अशी मला धाकधूक. तिने पिशवीत तोंड घालून वास घेतला.

"तुझ्या बाबांच्या झाडाची आहेत," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर राहायला गेली, एवढंच."

मी खिरीकडे बघायला आत गेले. आईने फुलं वाहिली, सावकाश, एकेक करून. मग खिरीचा डबा त्याच पिशवीत ठेवून तिने मला खूण केली. मी काठी घेतली आणि वरच्या ग्रिलचा तळ ठोकला.

"बोला मॅडम."

"ओढा," मी म्हणाले. "आणि हळू ओढा, सांडू नका. खाली आमची बाग आहे."