माप बरोबर आलं

माझ्या बाबांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते शिंपी आहेत. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. त्यांच्या हातचा कोट घातला की पोक आलेला माणूससुद्धा ताठ दिसायचा. दुकान म्हणजे एक खोली: खिडकीशी कापायचं टेबल, दोन मशीन आणि काज-बटणाला मी. तिथला एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले. ट्रायलला कपडा अंगावर बरोबर बसला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. जास्त शहाणपणा करायला गेलं की चांगला कपडा बिघडतो.

गेल्या वर्षी त्यांचं बीपी एकशेऐंशी निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि एक गुळगुळीत कागद हातात ठेवला. ‘उच्च रक्तदाब हा लक्षणविरहित दीर्घकालीन विकार असून औषधोपचारात सातत्य अपेक्षित आहे.’ बाबा रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण या वाक्यापाशी त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, “अपेक्षित म्हणजे, नक्की काय करायचं गं?” मला तरी कुठे कळलं होतं! हे लिहिणारा माणूस घरी आपल्या आईशी असा बोलतो का?

तीन महिने त्यांनी गोळी एकदाही चुकवली नाही. मग तपासणीला गेलो. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, “छान, बीपी नॉर्मल आलंय.” चिठ्ठीवर इंग्रजीत दोन-तीन अक्षरं खरडली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या अक्षरांचा अर्थ ‘हेच चालू ठेवा’ असा होतो, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा खूश. घरी येऊन त्यांनी उरलेल्या गोळ्या खणात टाकल्या. “माप बरोबर आलं. आता कशाला हात लावायचा?” मलाही ते पटलं, याची अजून लाज वाटते. गोळी चालू आहे म्हणून बीपी ताब्यात आहे, गोळी सोडली की ते पुन्हा चढणार, आणि चढताना काही दुखणार-खुपणार नाही. एवढं साधं बोलायला किती वेळ लागतो? मला आत्ता लागला तेवढाच!

पाच महिन्यांनी एका सकाळी कापडावर खडूने आखताना त्यांची रेघ वाकडी गेली. मी चमकून वर पाहिलं, तर त्यांचं तोंडही वाकडं झालं होतं.

नऊ दिवस त्याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात काढले. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. फाईलमध्ये लिहिलं होतं, ‘रुग्णाने स्वतःहून औषध बंद केले.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फाईल घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले.

“माहितीचा कागद दिला होता ना तुम्हाला?” ते म्हणाले.

“दिला होता. समजावला होता का?”

“ताई, आम्ही दिवसाला शंभर पेशंट बघतो.”

“बघता हो! बोलता किती जणांशी?”

त्यांनी फाईल मिटून परत दिली, पण त्यातली ओळ काही खोडली नाही. सगळा दोष बाबांच्या माथी मारून मंडळी मोकळी झाली होती.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर एक फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन आल्या. “काका, सही जमणार नाही ना? डावा अंगठा द्या, चालेल.”

बाबांनी डाव्या हाताने कागद डोळ्यांजवळ धरला आणि सवयीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. ‘मला सर्व सूचना माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आल्या असून त्या मला पूर्णपणे समजल्या आहेत.’

“सांगा,” ते अडखळत म्हणाले.

“काय सांगू?”

“हेच… सगळं. मग अंगठा.”

“काका, अजून सहा जणांना सोडायचंय हो मला!”

सिस्टर पॅड पुढे करून उभ्या होत्या. बाबांनी कागद मांडीवर ठेवला होता आणि अंगठा आत घेऊन डावी मूठ घट्ट आवळली होती.