वात्तियारांच्या हातची उमेदवारी

स्वच्छ हात दिसले की आमच्या वात्तियारांचे मस्तक फिरत असे. वात्तियार म्हणजे तमिळमध्ये गुरुजी. अंबत्तूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत मोटार-दुरुस्तीचे दोन वर्षांचे प्रशिक्षण देणारे एक केंद्र होते. तेथे ते शिकवीत. माझी नात वैदेही हिच्या प्रवेशासाठी मी प्रथम गेलो, तेव्हा कपाळी गोपीचंदन होते आणि खांद्यावर शुभ्र उपरणे. बाकावर टेकणार तोच ते कडाडले, "सामी, तिथे बसू नका. बाकाला काही व्हायचे नाही. तुम्हाला मात्र घरी जाऊन पुन्हा आंघोळ करावी लागेल, आणि ती तुम्ही माझ्या नावाने कराल." इकडे ब्राह्मणाला आदराने सामी म्हणतात. त्यांच्या तोंडी त्या शब्दात आदर औषधालाही नव्हता. मी बसलो.

वैदेहीचे आईवडील रेल्वेच्या नोकरीत, सतत बदल्यांवर. म्हणून ती अण्णा नगरला माझ्यापाशी राही. बारावीला उत्तम गुण मिळवूनही तिने मोटारीचे काम शिकायचे ठरवले, त्या दिवशी घरात कोणी नीट जेवले नाही. मी आयुष्यभर अड्यारच्या एका शाळेत संस्कृत शिकवलेले. गुरूची सेवा करून, त्याचे बोल सोसून विद्या मिळवावी लागते, हे मी विद्यार्थ्यांना श्रद्धेने सांगत आलो होतो. ते बोल असे असतील, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

पहिला महिनाभर त्यांनी कोणालाही इंजिनाजवळ फिरकू दिले नाही. हाती एक लोखंडाचा तुकडा आणि कानस. तुकडा घासून सपाट झाला असे वाटले की तो त्यांच्यापुढे न्यायचा. ते त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, टेकवून उजेडाकडे धरीत. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की तुकडा भंगाराच्या डब्यात. वैदेहीचा तुकडा डब्यात पडला तेव्हा तिचे डोळे भरून आले. "पाप्पा," ते म्हणाले (तमिळमध्ये लहानग्या मुलीला असे म्हणतात), जणू ती चार वर्षांची होती, "रडायचे असेल तर बाहेर जा. इथे पाणी सांडले की लोखंड गंजते." घरी येऊन तिने हे मला सांगितले आणि स्वतःच हसली. मला हसू आले नाही.

त्यांचा खरा राग होता तो निघून जाणाऱ्यांवर. हे प्रशिक्षण पुरे केले की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पुष्कळ मुले तेवढ्यासाठीच येत. "हे कोयंबेडूचे बसस्थानक नाही," ते गरजत, "इथे गाडी बदलायला येऊ नका!" एकदा फाटकाशी मी शांतपणे विचारले, "पुढे शिकणे वाईट आहे का?" ते म्हणाले, "चांगले आहे, सामी. दुसऱ्याची जागा अडवून शिकणे वाईट."

ती जागा म्हणजे उमेदवारीची. श्रीपेरुंबुदूरकडचा एक मोटारींचा कारखाना दर वर्षी त्यांच्या शब्दावर एकच शिकाऊ उमेदवार घेई. वर्षभर तेथे काम शिकायचे, मग परीक्षा. ती उत्तीर्ण झाले की कोठल्याही कारखान्याचे दार उघडे. दोन वर्षे वैदेहीच्या डोळ्यांपुढे दुसरे काही नव्हते. माझा बेत वेगळा होता. जागा हाती असू द्यावी, आणि पदविकेचा प्रवेश मिळताच ती सोडून तिला पुढे अभियंता करावे.

निवडीच्या दिवशी त्यांनी मला बोलावले. वैदेही शेजारी उभी होती. "सामी, देवाची शपथ घेऊ नका, नुसते सांगा. कॉलेजात प्रवेश मिळाला, तर हिला मधूनच काढणार?"

वैदेहीने माझ्याकडे पाहिले. एक 'नाही' पुरेसे होते.

"काढणार," मी म्हणालो.

"झाले." त्यांनी दाराकडे मान वळवली. "पुढच्याला आत पाठवा."

"आजोबा, हे तुमचे खरे आहे," वैदेही म्हणाली. "माझे नाही. मला विचारले कोणी?" मग ती त्यांच्याकडे वळली. "सर, पुढे शिकावेसे वाटेल की नाही, मला आज माहीत नाही. पण वाटले तरी उमेदवारी पुरी करूनच जाईन."

"ब्रेक न बघता 'बघितला' म्हणणारे मी पुष्कळ पाहिले," वात्तियार म्हणाले. "या घरातली माणसे तोंडावर तरी खोटे बोलत नाहीत. पाप्पा, सोमवारी सकाळी सातला कारखान्याच्या फाटकावर. आणि या सामींना आणू नकोस."

तिची उमेदवारी चालू असतानाच ते निवृत्त झाले. मी फळे घेऊन गेलो आणि त्यांना वाकून नमस्कार करू लागलो. ते झटकन मागे सरले. "आत्ताच नको, सामी. आधी तिची परीक्षा होऊ दे. नापास झाली तर हाच नमस्कार परत मागाल." फळे मात्र त्यांनी ठेवून घेतली.

परीक्षेला थोडे दिवस असताना ते वारले. वैदेही उत्तीर्ण झाली. तिने पुढचे पाऊल कोणते टाकावे, हे मी आता तिलाच विचारतो, सांगत नाही. नमस्कार तेवढा माझ्याकडे राहून गेला.