पेल्यांची अठ्ठी

बाई कुणालाही दुसरं पान काढू देत नसत. समोरच्याने कितीही गयावया केली तरी टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या, अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतून एका प्रश्नाला एकच पान. "जरा वाईटच आलं हो, अजून एक काढू का?" असं एका गृहस्थांनी विचारलं, तेव्हा पत्ते गोळा करत त्या म्हणाल्या, "ही भेळेची गाडी नाही, वरून शेव मागायला." गृहस्थ निमूट उठले आणि पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आले.

कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पत्ते एका जुन्या विद्यार्थिनीने परदेशातून आणून दिलेले. ज्योतिषी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मला माझंच भविष्य कळलं नाही, तुमचं काय सांगू? मी चित्र वाचते," असं त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकत. पानांची नावंही त्यांनी आपल्या पत्त्यांसारखी करून घेतली होती. तलवारींची छक्की, काठ्यांची दश्शी, पेल्यांची राणी.

मी गेले होते माझा एक प्रश्न घेऊन. जिन्यात चार माणसं ताटकळत होती आणि चौघांनाही बाईंनी चारचीच वेळ दिलेली. मला असलं बघवत नाही. दुसऱ्या दिवशी मी वही आखून नेली. वार, वेळ, नाव, निघालेलं पान. बाईंनी चष्म्यावरून वही पाहिली आणि म्हणाल्या, "अहो यादीबाई, येत्या शनिवारपासून तुम्हीच बसा दाराशी." पुढची सहा वर्षं दर शनिवारी मी दाराशी बसले.

पान उलगडलं की बाई आधी काहीच सांगत नसत. "तुम्हाला काय दिसतंय?" एवढंच विचारत आणि वाट बघत. एकदा एकाच दिवशी दोघांना तलवारींची छक्की आली. चित्रात एक होडी, तिच्यात सहा तलवारी रोवलेल्या, अंग चोरून बसलेली बाई आणि मूल, मागे उभा नावाडी. एका विद्यार्थिनीला वाटलं, तलवारींनी नावेला भोकं पडली असणार. निवृत्त कारकून म्हणाले, "नावाडी मात्र भला दिसतो." बाईंनी दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मी संध्याकाळी तक्रार केली, एका पानाचे दोन अर्थ मी वहीत कसे लिहू? बाई म्हणाल्या, "लक्ष्मी रोडने कुणी मंडईत जातं, कुणी शालू घ्यायला. म्हणून रस्ता खोटा होतो का?"

वही भरली तेव्हा मी सवयीने तक्ता केला. कोणतं पान किती वेळा निघालं. सत्त्याहत्तर पानांपुढे काही ना काही आकडा आला. एक ओळ कोरी राहिली.

"बाई, पेल्यांची अठ्ठी सहा वर्षांत एकदाही निघालेली नाही."

त्या उठल्या. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्यांनी ते पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आठ पेले ओळीने मांडलेले. ते मागे टाकून एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालेला. आपल्याला त्याची फक्त पाठ दिसते.

"हे मी चुकीचं वाचलं होतं," त्या म्हणाल्या.

बाईंचे यजमान एका सकाळी पिशवी घेऊन निघाले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या गावी सुखरूप आहेत, एवढं पुढे कळलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी वंदना नावाची तरुण मुलगी बाईंकडे आली. अमरावतीकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आलेली. नवरा मारायचा. घर सोडून माहेरी जाऊ का, असा तिचा प्रश्न होता आणि तिला हे पान निघालं.

"या पानाचा सगळे सांगतात तो अर्थ सरळ आहे. जिथे आता काही उरलं नाही, तिथून निघा," बाई म्हणाल्या. "पण मला पाठ दिसली आणि तिच्यावर मी माझ्या माणसाचा चेहरा चिकटवला. मला फक्त मागे राहिलेले पेले दिसत होते. मी तिला म्हटलं, मांडलेलं असं टाकून जाऊ नये, थांब. तिला काय दिसतंय, हे विचारलंसुद्धा नाही."

पुढे एकदा स्वारगेटच्या एसटी स्टँडवर वंदना त्यांना दिसली. हात प्लास्टरमध्ये, शेजारी दोन बोचकी. तिने बाईंना ओळखलं आणि मान फिरवली. त्या दिवशी घरी येऊन बाईंनी ते पान पत्त्यांतून बाजूला काढून ठेवलं.

गेल्या वर्षी बाईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला, बाईंनी शनिवार बंद केले. मी औषधांची यादी कपाटाच्या दाराला चिकटवत होते तेव्हा मागून म्हणाल्या, "अजून एक काम लिहून घ्या. वंदनाला शोधा. मी चुकले हे मला तिला तोंडाने सांगायचंय. मग मी मोकळी."

बाईंच्या जुन्या डायरीत तिच्या शेजारणीचा नंबर होता. तिथून तिसऱ्या फोनवर वंदना सापडली. शहराच्या कडेला विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. मी गेले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून घेतलं, पण लाटणं थांबवलं नाही.

"आता काहून आठवली मी त्यांना?"

"त्या फार आजारी आहेत. त्यांना तुमची माफी मागायचीय."

"ताई, त्यांनी थांब म्हटलं, मी थांबली. चार वर्षं. दोष त्यांना नाही देत, मारणारा माझा नवरा होता." तिने पोळी उलटली. "पण त्यांचं मन हलकं करायला मी नाही येत. जेवून जा, उशीर झाला तुम्हाला."

मी जेवले. परतीच्या बसमध्ये वाक्य जुळवलं आणि बाईंच्या पलंगाशी बसून म्हटलं, "वंदना म्हणाली, मनात काही नाही. काम फार आहे म्हणून येता येत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "यादीबाई, एरवी तुम्ही वहीत बघून बोलता. आज माझ्या डोळ्यांत बघताय. काय म्हणाली ती?"

मी सगळं सांगितलं, तिने पोळी उलटली त्यासकट. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"बरोबर आहे तिचं. खानावळ चालते ना नीट?"

"साठ डबे जातात रोज."

"मग बरं झालं. माझं ऐकायचं बंद केलं, तेव्हा झालं असणार ते." मग म्हणाल्या, "त्या चित्रातला माणूस टाकून चाललेला नव्हता हो. जीव घेऊन चालला होता. इतकी वर्षं मुलांना चित्र बघायला शिकवलं मी."

तीन आठवड्यांनी, सकाळचा चहा घेता घेता बाई गेल्या. मी शेजारीच होते. कळवायच्या लोकांची यादी मी एका बैठकीत केली, शेवटी वंदनाचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दुपारी तिला फोन लावला आणि बाई गेल्याचं सांगितलं.

मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"जवळ कोणी होतं त्यांच्या?" तिने विचारलं.

"मी होते."

"बरं," ती म्हणाली. मग फोन ठेवला.

त्या 'बरं'मध्ये काय होतं, हे बाईंनी मला नक्की सांगितलं असतं. मी ते वहीत तसंच लिहून ठेवलंय. पुढे काही लिहिता आलेलं नाही.