गुरुवारच्या खिशातली पापलेटं

चोवीस खिशांचं कॅलेंडर शिवायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात शिवणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाने मशीन बंद केलं होतं.

लालबागच्या याच खोलीत सासूबाईंनी अख्ख्या मजल्याचे ब्लाउज शिवले. एप्रिलमध्ये जिन्यात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, परळच्या हॉस्पिटलात महिनाभर व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, आता हात वापरत राहा, जितका वापराल तितका सुटेल. पण कात्री धरली की दोन मिनिटांत गळून पडायची. एके दुपारी त्यांनी मशीनवर चादर घातली, चादरीवर मसाल्याच्या बरण्या मांडल्या आणि गावी बहिणीला फोन लावला, तिच्या मुलासाठी निरोप द्यायला. "नाताळच्या सुट्टीत तुझो झील मुंबैक येतलो मां? त्याका सांग, टेंपो बघून ठेव. मशीन घेऊन जा. हयसर नुसती धूळ खाता."

मशीन गेलं की आई खिडकीशी बसणार आणि बसूनच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी दोनदा म्हणून पाहिलं, "आई, एखादी सरळ टीप घालून बघा ना." दोन्ही वेळा त्यांनी मला लसूण सोलायला बसवलं.

कॅलेंडरचं खूळ माझ्या धाकट्या लेकीने आणलं. तिच्या वर्गातल्या ख्रिश्चन मैत्रिणीच्या घरी कापडाचं कॅलेंडर टांगतात. एक डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एक खिसा उघडायचा आणि आत काय आहे ते घ्यायचं. दोघी बहिणी माझ्या मागे लागल्या.

"आपल्याकडे का नाही?"

"आमच्यात नाय ता," आजीने निकाल दिला.

"आजी, आपल्यात केकपण नव्हता. तू दोन तुकडे खातेस."

"एकच खातंय. दुसरो तुझो बापूस माझ्या ताटात टाकता."

मी यादी केली. हिंदमाताहून अडीच मीटर जाड सुती कापड, हिरवं. रंगीत फेल्ट कापडाचे तुकडे. पडद्याची काठी. सहा-सहा खिशांच्या चार ओळी. आतल्या वस्तूंचा वेगळा कागद: खोडरबर, चिक्की, केसांच्या क्लिपा, गोट्या आणि काही खिशांत नुसत्या चिठ्ठ्या. "आज बागेत एक तास जास्त." "आज गृहपाठाआधी खेळ." प्रत्येक खिशावर आकडा आणि एक चित्र. शिलाई माझी, सगळी हाताने, कारण मशीन मला येत नाही. आईंच्या नावापुढे मी "बटणं निवडणे" एवढंच लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं. मग एकेक पारखून बटणं निवडली.

तीन आठवडे मी रोज ऑफिसहून आल्यावर, मुली झोपल्या की, एक खिसा लावला, रविवारी दोन-दोन. माझे टाके पाहून आई तोंड फिरवायच्या. मी ते मनावर घेतलं नाही. मला वेळेत संपवायचं होतं आणि मी एक दिवस राखून संपवलं. शुक्रवारी संध्याकाळी, एकोणतीस तारखेला, ते भिंतीवर टांगून सरळ आहे का बघितलं. पट्टी लावून बघितलं. सरळ होतं. मुली खाली खेळत होत्या; त्यांना ते एक तारखेलाच दाखवायचं होतं. यादीतली शेवटची ओळ मी खोडली आणि चहा टाकला.

आई कॅलेंडरसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अगो, ह्या काय?"

"कुठलं?"

"पाच नंबरावर."

"पापलेट." मला त्या पापलेटाचा अभिमान होता. राखाडी फेल्ट, शेपूट व्यवस्थित कापलेली, डोळ्याच्या जागी त्यांनीच निवडलेलं काळं बटण. "बारावर आणि एकोणीसवर पण आहे. त्या दिवशी ह्यांची सुट्टी असते ना. पापलेट तळणार, अशी चिठ्ठी आहे आत."

"सुट्टी कधी असता त्येची?"

"गुरुवारी."

मी बोलले आणि थांबले. मार्गशीर्षातले गुरुवार. एरवी आम्ही सोमवार तेवढा पाळतो, पण मार्गशीर्षात गुरुवारी घरात अंडंही येत नाही. महालक्ष्मीचा घट मांडतो, संध्याकाळी शेजारच्या बायका येतात. आणि घटाचा चौरंग ठेवायची जागा कुठली? नेमकी त्याच भिंतीखालची. महिन्याच्या सगळ्या तारखा मी मोबाइलवर पाहिल्या होत्या. स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर, ज्यावर दुधाचा हिशेब मी स्वतः लिहिते, ते एकदाही उलटलं नव्हतं.

"खाली लक्ष्मीचो घट," आई म्हणाल्या, "आणि वर पापलेटा सुकत घातलंस?"

नवरा दारातून आत येत होता. तो इतका हसला की त्याला चप्पल काढता येईना.

"मी चिठ्ठ्या बदलते," मी म्हटलं.

"चिठ्ठी बदलतलंस गो. पण ही पापलेटा काय पोवत जातली?"

"उद्या ऑफिसहून आल्यावर उसवते."

"तू?" त्या म्हणाल्या. "नको. तू उसवलंस तर खिसोच हातात येतलो." मुली वर यायच्या आत मी ते काढून घडी करून ठेवलं.

शनिवारी अर्धा दिवस असूनही निघायला मला साडेतीन झाले. परळ ते लालबाग मी चालतच येते. चालता चालता डोक्यात बेत जुळवत होते: तासाभरात तीन खिसे उसवायचे, पापलेटांच्या जागी तारे चिकटवायचे, सातपर्यंत सगळं तयार, आणि मुली झोपल्या की पुन्हा भिंतीवर. जिना चढताना वरून आवाज आला. कुणाचं तरी शिलाई मशीन चालू होतं. थांबत, अडखळत, मग सलग, मग पुन्हा थांबत. आमच्या मजल्यावर मशीन एकाच घरात आहे.

मसाल्याच्या बरण्या ओळीने जमिनीवर होत्या. चादर घडी करून खुर्चीवर. आई मशीनवर वाकल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि थोरली शेजारी उभी राहून सुईत दोरा ओवून देत होती. म्हणजे कॅलेंडर मुलींना एक दिवस आधीच दिसलं होतं, पण त्याबद्दल बोलायची ही वेळ नव्हती.

"बोलू नको," आईंनी मान वर न करता मला सांगितलं. "टीप वाकडी जाता."

मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले.

तिन्ही पापलेटं निघाली होती. पाचव्या खिशावर जुन्या खणाचा कलश बसला होता, बाराव्यावर विड्याचं पान, एकोणिसाव्यावर कमळ. पापलेटं एकेक घर पुढे सरकून शुक्रवारी जाऊन बसली होती. आणि एवढ्यावर त्या थांबल्या नव्हत्या. माझ्या टाक्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून चोवीसच्या चोवीस खिशांना कडेने मशीनची टीप मारायचं काम चालू होतं. शेवटची ओळ राहिली होती.

त्या टिपा मी नंतर बोट फिरवून पाहिल्या. सुरुवात त्यांनी पाचव्या खिशापासून केली होती. तिथली टीप नागासारखी वळत गेली आहे, दोन ठिकाणी दोरा तुटलेला. बाराव्यावर ती थोडी डुलते. एकोणिसाव्यावर पट्टीने आखावी तशी सरळ. ती शिवण पाहून डॉक्टरला वेगळा रिपोर्ट लागला नसता.

संध्याकाळी त्यांचा हात ठणकत होता. सांगितलं नाही, पण भाकरी डाव्या हाताने मोडत होत्या. मी गरम पाण्याची पिशवी आणून मनगटाखाली ठेवली. त्यांनी ती ठेवू दिली.

एक तारखेला मुलींनी पहिला खिसा उघडला आणि दोन चिक्क्यांसाठी इतका आरडाओरडा केला की शेजारच्या काकी बघायला आल्या. पहिल्या गुरुवारी घट मांडला, वर कलशाचा खिसा, आणि दर्शनाला आलेल्या बायका लक्ष्मीला हात जोडून झाल्यावर मान वर करून खिसेच मोजत राहिल्या. काकींना नातवासाठी तसंच हवं होतं, गणपतीच्या आधी लावायला, एकवीस खिशांचं. समोरच्या ताईंना दिवाळीसाठी. आईंनी दोघींना सांगितलं, कापड मी म्हणेन तेच आणायचं, आणि घाई करायची नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी गावाहून फोन आला. बहिणीच्या मुलाने टेंपो ठरवला होता. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बारीक केला आणि कान दिला.

"टेंपो कित्याक?" आई म्हणाल्या. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "मशीन? कसला मशीन?" पुन्हा बोलणं. "अगो, माका काम आसा. दोन ऑर्डरी आसत. तुझ्या झिलाक सांग, टेंपोतून नारळ आण. रिकामो येव नको."