पायाखालचा पाय

सन २०२३. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो अन् घरची पिकअप मीच चालवत होतो. शाळा म्हणाल तर दुसरी. तिसरीत बसलो, पण बसूनच राह्यलो, म्हणून बापानं बैलांमागं लावलं. पुढं बैल सोडून स्टिअरिंग धरलं. जिनिंगच्या ठेकेदाराचा ट्रक तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत चालवला. कळंब, मारेगाव, पार वणीपर्यंत सरकीची पोती नेली. माझ्या चाकाखाली कधी कोंबडी आली नाही. ही फुशारकी आहे असं कोणाले वाटलं तर वाटू द्या. खरी आहे.

पिकअप आदल्या दसऱ्याले घेतली. संक्रांतीच्या आधी पोराची माय गेली. आजार नाही, दवाखाना नाही. सकाळी चहाचा आवाज आला नाही म्हणून पाहायले गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड संपले. नव्या गाडीचे पॅड एवढ्या लवकर जात नाहीत, हे मले कोणी शिकवायची गरज नव्हती. महागावच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याचा बापही मिस्त्रीच होता, माझ्या ट्रकच्या ब्रेकचे लायनर त्याच्याच हातचे. मिस्त्रीनं चाक खोललं, पॅड काढून माझ्या हातावर ठेवला. वरचा मसाला पार झिजून नुसता पत्रा उरला होता. चाकाची डिस्क निळी पडली होती.

"चाचा, ही गाडी घाटात राहते का?"

"घरी राहते."

"मग कोणाले भिऊन पळून राह्यली?"

माझा पोरगा बाजूले उभा होता, तो हसला. मिस्त्रीनं जॅकवर चाक उचलून हातानं फिरवलं. भिंगरीसारखं फिरलं. दुसरं फिरवलं, तेही तसंच. केबिनमध्ये डोकं घालून खाली पाह्यलं, पेडल हातानं दाबून सोडलं. पेडल टुणकन वर आलं.

"कुठं अडकत नाही. गाडीत फॉल्ट नाही, चाचा," असं म्हणून तो हात पुसायले लागला. पुढचं पोरगा बोलला.

"बाबा, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता."

"कोण म्हणते?"

"गाडी म्हणते. वय झालं का पाय भितो. आपल्याले समजत नाही."

भितो म्हणाला त्याचा राग नाही आला. आपल्याले म्हणाला त्याचा आला. तो चौतीस वर्षांचा, अन् त्याचा पाय अजून चिखलाशिवाय कशात अडकला नव्हता.

नवे पॅड घातले. मी गाडी घेऊन निघालो तेव्हा मनात ठरवलं होतं की ब्रेक लावायचाच नाही, गेअरावरच गाडी आवरायची. जुने ड्रायव्हर तसंच करत.

आमच्या गावाहून महागावकडे जाताना एक लांब उतार लागतो. दोन्ही अंगाले सागाचं रान. त्या दिवसांत सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली असतात, मोठी, वाळलेली, अन् वारा नसला तरी एखादं पान रस्त्यावरून खरखर करत जाते. माणूस चपला घासत चालल्यावाणी. भर दुपारी तिथं गुराखीसुद्धा दिसत नाही. दोन-चार दिवसांनी महागावले जाताना त्या उतारावर मले ते पहिल्यांदा समजलं. वळणापाशी ब्रेक थोडा दाबला, सोडला. पुढच्या वळणाले पुन्हा पाय नेला, तर पेडल आधीच खाली होतं.

हे सांगायले सोपं आहे, पण पायाले कसं लागलं ते सांगतो. अंधारात पायरी उतरताना एक पायरी कमी निघते, तसं झालं. जिथं पेडल पाहिजे तिथं नाही. त्याच्या खाली आहे. माझ्याआधी कोणाचा तरी पाय त्याच्यावर आहे, अन् माझा त्याच्यावर पडला.

मी पाय उचलला. गाडी जड जड चालली होती. उतार असून ॲक्सिलेटर द्यावा लागत होता. खाली सपाटीले आलो, एका खड्ड्यात गाडी आपटली, अन् एकदम हलकी झाली. कोणी अंगावरून हात काढावा तशी.

मी घरी बोललो नाही. बोलून काय सांगणार होतो.

पण ते होत राह्यलं. रोज नाही. कधी सरळ रस्त्यावर, बहुतेक त्या उतारावर. एकदा खाली उतरून चहाच्या टपरीवर थांबलो, तर मागून एक दूधवाला मोटरसायकलवर आला. ओळखीचा, तोंडाचा फाटका.

"आबा, पूर्ण उतारभर तुमचे मागचे लाल लाइट जळून राह्यले होते. येवढं काय भेव?"

"मी ब्रेक लावला नाही."

"तर मंग तुमच्या बदल्यात कोण लावून राह्यलं?"

टपरीवरचे सगळे हसले. मी चहा अर्धा ठेवून उठलो. चाकाजवळ गेलो तर जळक्या रबरासारखा वास येत होता, अन् रिमवर हात ठेववत नव्हता.

आता खरं सांगतो. त्या दिवसापासून मले वाटायले लागलं की हा पाय तिचा आहे. पोराच्या मायचा. गाडी घेतल्यावर ती बाजूच्या सीटवर बसली म्हणजे उतारावर तिचे दोन्ही पाय समोरच्या पत्र्याले टेकायचे. तिथं ब्रेक नाही हे तिले सांगून सांगून मी थकलो. "नसू द्या, मले लावू द्या," म्हणायची. अन् आता बाजूची सीट रिकामी होती. सून गाडीत बसायची पण त्या सीटवर नाही, मागं पोत्यांवर बसायची. काहून, ते मी विचारलं नाही अन् तिनं सांगितलं नाही.

मी देवभोळा नाही. अंगात आलेल्या बाईले हळद लावायले मी कधी गेलो नाही. पण उतार आला की मी हळू व्हायले लागलो, अन् तोंडातून निघून जायचं, "हो, हो, पाहून राह्यलो." काच बंद असायची म्हणून बरं.

होळी झाली अन् दुसरे पॅडही संपले. या वेळी मिस्त्रीनं मस्करी केली नाही. पॅड पाह्यला, माझ्याकडे पाह्यलं, अन् पोराले म्हणाला, "भाईजान, तुम्हीच चालवा काही दिवस." पोरानं तिथंच नवे पॅड टाकून घेतले. घरी जेवताना ताटावर बसल्या बसल्या बोलला.

"बाबा, घरात राह्यलेला कापूस उद्या-परवा मार्केटले जाऊ द्या. ती शेवटची खेप. मग किल्ली माझ्याजवळ."

"कायले?"

"एखाद्या दिवशी तापून ब्रेक लागलेच नाहीत तर? तुमच्यासंगं कोणी दुसरं मरन."

"मी ब्रेकवर पाय ठेवत नाही."

"मग कोण ठेवते?"

सून वरण वाढत होती, तिचा हात थांबला. मी वरणात भाकर चुरत राह्यलो. उत्तर दिलं असतं तर किल्ली त्याच वेळी गेली असती, अन् मले घेऊन ते कोण्या बाबाकडे गेले असते.

दुसऱ्या दिवशी ढोरांसाठी ढेप आणायची होती. मी एकटाच निघालो, गाडी रिकामी. उताराच्या मध्यावर पेडल पुन्हा खाली गेलं अन् तिथंच राह्यलं. चाकातून धूर दिसला. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, उतरून चाकाखाली दगड लावला अन् पुन्हा सीटवर येऊन बसलो. सगळं गप्प. मग पायाशी हळूच करकर झाली. सुताची गाठ ताणल्यावर होते तशी. तापलेला पत्रा वाजतो तो आवाज वेगळा, तो मले माहीत आहे. हा तो नव्हता.

मी बाजूच्या सीटकडे पाह्यलं नाही. म्हटलं, "काय पाहिजे तुले, सांग." सागाचं एक पान टपावर पडलं अन् घासत खाली गेलं. करकर चालूच होती. तेव्हा मले स्वतःचाच राग आला. ज्या माणसानं आयुष्यभर गाडीखाली झोपून काम केलं तो सीटवर बसून भुतासंगं बोलते. खाली उतरलो, गुडघे टेकले, केबिनमध्ये मान घातली.

पेडलची दांडी अन् स्टिअरिंगचा दांडा यांच्या मधात लाल फडकं अडकलं होतं. फडक्यात नारळ.

आमच्या घरात अशी रीत आहे. नवी बैलबंडी आली की घरची बाई नारळ अन् आपल्या वावरातली मूठभर माती लाल फडक्यात बांधते, अन् ती पुरचुंडी हाकणाऱ्याच्या पायाशी, बंडीच्या खालच्या अंगाले, कोणी पाहत नसताना लटकवते. पुढचा दसरा येईपर्यंत तिले पाहायचं नाही, हात लावायचा नाही, तिची गोष्ट काढायची नाही. माझ्या मायनं माझ्या बापाच्या बंडीले बांधली होती. बंडीत पायाशी काय असते, धूळच. पोराच्या मायनं तीच रीत पिकअपले लावली. पायाशी म्हणजे पायाशी. स्टिअरिंगच्या दांड्याले बांधली, अन् महिन्या-महिन्यानं सूत ढिलं होऊन ती खाली उतरत आली. ब्रेक दाबला की फट मोठी होते, उतारावर नारळ तिच्यात घसरते, अन् पेडल मग पूर्ण वर येत नाही. खड्डा लागला की निघून येते. मिस्त्रीनं डोकं घातलं होतं तेव्हा त्याले ती दिसली असलीच पाहिजे. नंतर विचारलं तर म्हणाला, "दिसली ना, चाचा. पण तुमची पूजेची चीज, मी कसा हात लावू?"

नारळ बोटानं बाहेर ढकलला. तो लटकून झुलायले लागला. पेडल वर आलं. मी तिथंच रस्त्यावर बसून राह्यलो. सगळं समजलं होतं, तरी मानेवरचा काटा काही बसला नाही. तिचा पाय नव्हता. पण हात तर तिचाच होता ना.

ती पुरचुंडी घरी नेऊन पोरापुढं टाकली असती तर माझी किल्ली वाचली असती. पण तो काय बोलला असता ते मले ऐकू येत होतं. आईनं येडेपणा केला, बाबा मरता मरता वाचले. गावभर तेच झालं असतं. मेलेल्या बाईच्या नावानं दूधवाल्यानं चहा प्यायला असता. अन् न सांगावं तर मी भितरा. रातभर कूस बदलत राह्यलो.

सकाळी पुरचुंडी होती तशीच लटकू दिली, गाडीत कापूस भरला अन् किल्ली पोराच्या हातात दिली.

"आजपासूनच चालव. मी बाजूले बसतो."

त्यानं माझ्याकडे पाह्यलं, पण बसला. मी त्याले दुसऱ्या गेअरात उतार धरायले लावला अन् माझा हात हँडब्रेकवर ठेवला. दुसऱ्या वळणाले त्यानं ब्रेक दाबून सोडला. तिसऱ्याले पाय नेला अन् त्याचं तोंड उतरलं. त्यानं पाय उचलला, पुन्हा ठेवला. मी समोर पाहत होतो.

"बाबा," तो म्हणाला.

"थांबव. खाली हात घाल."

गाडी कडेला घेऊन त्यानं हात घातला. बोटं फडक्याले लागली तेव्हा त्याले गाठ ओळखू आली, त्याची माय तीन फेऱ्यांची गाठ मारायची. त्यानं हात मागं घेतला.

"आईचं आहे. दसरा नाही झाला."

"नाही झाला."

"मग कसं सोडायचं?"

"तू नको सोडू."

मी उतरून त्याच्या बाजूले गेलो अन् माझ्या हातानं गाठ सोडली. पुरचुंडी सीटच्या मागच्या खिळ्याले बांधली, जिथं पाय पोचत नाही. मग तळहात पुढं केला. पोरानं किल्ली काढून त्याच्यावर ठेवली अन् पलीकडे जाऊन बसला.

राह्यलेला उतार मी नेला. पेडल प्रत्येक वेळी पूर्ण वर आलं. खाली सपाटीले थांबून मी पुढच्या चाकावर हात ठेवून पाह्यला. रिम हळूहळू गार होत होती. आता उतारावर तिचा पाय नव्हता, अन् मले ते काही बरं वाटलं नाही. तसाच हात ठेवून थोडा वेळ उभा राह्यलो. मागून कापसाची दुसरी गाडी आली अन् हॉर्न वाजवायले लागली, तेव्हा चढलो अन् मार्केटच्या रांगेत गाडी लावली.